बसू न देणारे पाय

तेलावी, सोमवार

प्रिय आईस,
खातुनाचा उभ्याउभ्या नमस्कार.

मी ठणठणीत आहे, पोट पुढे नि मी मागे. फक्त सातवा लागल्यापासून बसलं की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं होतं. चाललं की थांबतं. रक्तात लोह कमी आहे म्हणे, गोळ्या चालू आहेत.

काल मेजवानीत सासरे वाइनचा प्याला उचलून पूर्वजांच्या नावाने बोलायला लागले, ते थांबेचनात. मी उठून टेबलाभोवती फिरू लागले. सासरे गरजले, “सूनबाई, खाली बस!”

“पूर्वजांना सांगा, त्यांचं पणतवंडच बसू देत नाही!”

तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि माझ्यामागे चालू लागल्या. म्हणाल्या, “तुझा झुराब पोटात असताना मी गोठ्यात चोरून चालायचे.”

आई, तूही चालायचीस का? मग मला सांगितलं का नाहीस?

तुझीच,
खातुना