दैफा, सुतैताची मुलगी

फुस्तात, दिवेवाल्यांची गल्ली
सफर महिन्याचा शेवटचा शुक्रवार, हिजरी ६३४

शिहाबुद्दीन यांस,

सलाम. तुम्ही आणि तुमच्या घरचे खुशाल असाल. इकडे नाईलचं पाणी ओसरलंय, गल्लीतला चिखल वाळतोय. माझे गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात.

तुम्ही पाठवलेल्या हिंदच्या सागवानी फळ्या याच उंटवाल्याबरोबर परत येत आहेत. फळ्या उत्तम आहेत, दिवाणखान्याला दार करा. कबरीवर ठेवायच्या लाकडी पेटीवर कोरण्यासाठी लिहून दिलेला मजकूरही परत करते. त्यात तुमच्या पदव्याच पदव्या आणि दैफाचं नाव पार कोपऱ्यात. कबर कोणाची, हे वाचणाऱ्याला शोधावं लागलं असतं.

तुमचा माणूस म्हणाला, "बापाचं नाव नसेल तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतात ते मला विचारा. तापाच्या साथीत मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायला त्यांच्या सख्ख्या बहिणी पुढे येईनात, तेव्हा आपली दैफा जात होती. तुम्ही तेव्हा निरोप धाडलात, की प्रेतं धुणारी माझी मुलगी नाही. तिने तो उभ्या उभ्या ऐकला, बाह्या वर केल्या आणि शेजारच्या घरात गेली. आज तिच्या कबरीवर अमिराची बायकोसुद्धा पायी येते. तुम्हाला काझी व्हायचंय, असंही कानावर आलंय. म्हणून एकाएकी मुलगी आठवली.

पेटी तयार झाली आहे. आपल्या गल्लीतले सुतार, मुअल्लिम गनायम यांनी केली. लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न होता, तर ते म्हणाले, "घराघरांतून मागा. छोटे तुकडेही चालतील. मोठी फळी आपल्या उन्हात तडकते, तुकडे एकमेकांत अडकवले की हलत नाहीत." मग कोणी मोडक्या खिडकीची झडप आणली, कोणी पाळण्याची दांडी. उम्म बरकातने कणीक मळायची लाकडी परात दिली. मी म्हटलं, "अगं, कणीक कशात मळशील?" ती म्हणाली, "माझ्या सुनेला तिने धुतलंय. मळेन जमिनीवर." त्या सगळ्या लाकडाच्या कोरीव चांदण्या झाल्या आहेत. प्रत्येकीत द्राक्षाची वेल आहे आणि कुठली कोणाच्या घरची, ते आता मलाही ओळखू येत नाही.

लेखावरून मात्र भांडण झालं. आपल्या मशिदीचे शेख बुरहान गनायमांच्या दुकानात येऊन म्हणाले, "आईच्या नावाने कधी कोणाला ओळखलंय का?"

मी म्हटलं, "ईसाला. मरियमचा मुलगा. तुम्हीच दर आठवड्याला कुराणातून पढून दाखवता."

ते दाढी कुरवाळत म्हणाले, "अक्षरं तरी ठळक काढा, माझे डोळे अधू झालेत."

त्यानंतर तुमचा माणूस गनायमांकडे गेला होता, तेही मला ठाऊक आहे. हे नाव कोरलंत तर नव्या मशिदीचं काम विसरा, असं सांगून आला ना? म्हातारा छिन्नी पुसत म्हणाला, "माझ्या बायकोला धुवायला कोण आलं होतं, हे तुमच्या मालकांना माहीत नसेल." पेटीवर ते कधी स्वतःचं नाव घालत नसत. या वेळी खालच्या पट्टीवर 'घडवणारा गनायम' असं कोरलं आहे. म्हणाले, कोणाला राग काढायचा असेल तर घर शोधत फिरायला नको.

वरचा लेख असा आहे: 'ही कबर दैफाची, सुतैताच्या मुलीची. जिथे कोणी गेलं नाही तिथे ती गेली. अल्लाह तिच्यावर दया करो.'

इथेच पत्र संपवणार होते. पण तुम्ही तुमच्या पत्रात बापाच्या हक्काचं लिहिलं आहे, म्हणून पुढचं लिहिते. ताप तिच्या अंगात भिनला तेव्हा मी तुमच्या दारी माणूस पाठवला होता. पहारेकऱ्याने त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं. दुपारभर ती विचारत होती, "अब्बा आले का?" मी सांगत होते, येतायत, पुलावर गर्दी आहे. संध्याकाळी तिने विचारणं सोडलं. मलाच म्हणाली, "आई, त्यांना रागावू नकोस, घाबरले असतील."

तिने माफ केलं असेल. ती तुमची मुलगी होती. मी तुमची कोणी नाही.

काल गल्लीतल्या बायकांनी पेटी खांद्यावर नेली. पुरुष मागून चालत होते. यायचं असेल तर या, कबरस्तानाला पहारेकरी नाही. बाकीच्यांसारखे उभे राहा, फातिहा पढा आणि जा. तुमचं नाव शोधत बसू नका. ते कोरायला मी कुठेच जागा ठेवलेली नाही.

दैफाची आई,
सुतैता