चढाचा अंदाज

खुर्सीपार कॅम्प, भिलाई
ता. १० जानेवारी १९६१

ती. स्व. भागीरथाबाईस,
लहानूचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्राले उशीर झाला. तू म्हणशील, तिसरी पास माणसाले चार ओळी लिहायले महिना लागते. लागते बाई. बोटाइले हातोड्याची सवय झाली, पेन धरला का मोडते का काय असं वाटते.

इकडची मोठी बातमी म्हणजे सायकलींची शर्यत. कामगारांच्या क्लबानं ठेवली आहे, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी राजनांदगाव जाऊन वापस, दुसऱ्या दिवशी दुर्ग ते बालोद, अन् सव्वीस जानेवारीले बालोदहून राजहराच्या खाणीवर. तिथं शेवटचे दोन मैल नुसता चढ आहे. तिन्ही दिवसांचा टाइम जोडून नंबर काढतील, पण चढावर जो पहिला येईल त्याचा मान वेगळा.

आमच्या मेसमध्ये एक काळी पाटी आहे. तिच्यावर भाजीचं नाव लिहितात. त्याच्या खाली मी रोज लिहितो, चढावर पहिला कोण, अन् पाच नावं. ड्यूटी सुटली का मी सडकेवर उभा राहून एकेकाच्या पोटऱ्या पाहतो, सायकल उचलून पाहतो. मशीन शॉपच्या खेमसिंगची सायकल दोन बोटांनं उचलते, म्हणून त्याचं नाव वर. लोक मले पंडितजी म्हणून राहिले. बाजूच्या खाटेवरचा बाबुलाल म्हणते, दुसऱ्याचा दम मोजता मोजता याची स्वतःची हजेरी कटते. कटली पण एकदा.

भाऊजींनी पण मरोद्याहून नाव दिलं आहे. मी म्हटलं, चौतिसाव्या वर्षी कायले दम काढता. ते हसले फक्त. सायकल तीच, मोठ्या कॅरियरची.

आईले जयभीम सांग, नलूले माह्याकडून एक पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुहा
लहानू

*

मु. पो. सालेकसा, जि. भंडारा
ता. १७ जानेवारी १९६१

चि. लहानूस,
भागीरथाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र पोचलं. विहारातल्या बायांच्या वर्गात आता मी जोडाक्षरं पण लिहितो, तवा तिसरी पास म्हणून जास्त मिरवू नको.

पंडित झाला हे वाचून आई हसली. म्हणे, दोन वर्षांत तीन फोरमन बदलले त्या पोरानं, त्याले दुसऱ्याचं भविष्य कसं दिसते. मी एक विचारतो. तुह्या पाच नावांत तुह्या भाऊजींचं नाव कितवं आहे, ते तू लिहिलंच नाही.

सायकल हलकी म्हणून माणूस चढते, हे तुले कोणं सांगतलं? तेंदूपानाच्या दिवसांत हे दरेकसाच्या घाटातून दोन्ही बाजूंनं पुडे बांधून जात. ओझं मागं ओढते, म्हणून घाई करता येत नाही. माथा पाहायचा नाही, पुढचं चाक पाहायचं, असं ते सांगत. अन् तू भिलाईले निघाला तवा डोंगरगडहून ठेकेदाराचा ट्रक होता. तो घाट तू त्याच कॅरियरवर बसून चढला, मांडीवर टिनाची पेटी घेऊन. मी उतरू का, असं तू दोनदा विचारलं होतं. त्यांनी उतरू दिलं नाही. हे मले त्यांनी नाही, तूच सांगतलं होतं.

शर्यतीच्या दिवशी त्यांच्या जवळ राहा. आपलं तिथं दुसरं कोणी नाही.

नलूच्या दाढा येऊन राहिल्या, रात्रभर रडते. जेवत जा. राग नाही, लोभच आहे.

तुही बहीण
भागीरथा

*

खुर्सीपार कॅम्प, भिलाई
ता. २९ जानेवारी १९६१

ती. स्व. भागीरथाबाईस,
सविनय जयभीम. वि. वि.

शर्यत झाली. तीन दिवसांच्या बेरजेत भाऊजी पाचवे आले, पण चढावर पहिले. खेमसिंग तिसऱ्या वळणावर खाली उतरून चालला. माहा अंदाज सपशेल चुकला, आता पाटीवर फक्त भाजी लिहितात.

भाऊजी बरे आहेत. बाकी ते लिहितीलच. मले थोडी कणकण आहे, म्हणून एवढंच.

आईले जयभीम. तुहा
लहानू

*

मु. पो. सालेकसा
ता. ५ फेब्रुवारी १९६१

चि. लहानूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एवढ्या मोठ्या बातमीले पाच ओळी? शेजारची मैनाबाई म्हणते, पंडित हरला म्हणून रुसला असेल.

पण तुह्या भाऊजींचं पत्र तुह्या आधी आलं. त्यांच्या हातानं कधी अर्ध्या कार्डाच्या वर लिहून होत नाही, या खेपेस पुरं कार्ड भरलं. लिहितात, वर पोचल्यावर माइकवर विचारलं का घरचं कोणी असेल त्यांनी हार घालावा, तिथं तशी रीत आहे. तवा लहानू गर्दीतून पुढं आला अन् त्यानं हार घातला. सगळ्यांत जास्त तोच ओरडत होता म्हणे. ते वाचून आईनं डोळे पुसले. मी ते कार्ड विहारात वाचून दाखवलं. बाया म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मले लय बरं वाटलं रे.

दुसरी गोष्ट. मरोद्याले खोली मिळाली, ते आमाले बोलावून राहिले. एकवीस तारखेच्या पॅसेंजरनं मी अन् नलू दुर्गले उतरू. त्यांची दिवसपाळी आहे, तवा तू ठेसनावर ये. त्यांनीच लिहिलं आहे का तुलेही त्याच खोलीत राहायले बोलावू, मेसचं जेवण पुरे झालं.

कणकण कशी आहे ते कळव. भेटीची वाट पाहतो.

तुही बहीण
भागीरथा

*

खुर्सीपार कॅम्प, भिलाई
ता. १२ फेब्रुवारी १९६१

ती. स्व. भागीरथाबाईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मले कणकण नव्हती. हे पत्र विहारात वाचू नको. वाचायचं असेल तर वाच, मी कोण नाही म्हणणार.

हार मी घातला नाही.

शर्यतीच्या दोन दिवस आधी भाऊजी आमच्या मेसमध्ये आले. मले तुह्या हातचं लोणचं द्यायले आले होते. सायकल दारात लावली. कॅरियरले पुडे बांधायच्या त्या खुंट्या तशाच, सीटवर पोत्याचं ठिगळ. सगळे हसले. कोणी म्हणे, यावर शर्यत का सिमेंट? भाऊजी पण हसले अन् नळावर हात धुवायले गेले. बाबुलालनं मले विचारलं, ये तेरा आदमी है क्या, दोनों एक जैसा बोलते हो. मी म्हटलं, नाही रे, आमच्या तिकडचा कोणी आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी उठून पाटीवर सगळ्यांच्या खाली लिहिलं, कवडू रामटेके, अन् पुढं लिहिलं, ढकलगाडी. लोक लय हसले. वळून पाहतो तर भाऊजी ओले हात घेऊन दारात उभे. ते पाटीकडे पाहून राहिले. त्याइले एकेक अक्षर लावून वाचावं लागते, तुले माहीत आहे. पुरं वाचून होईपर्यंत ते उभे होते. मग लोणच्याची बरणी खिडकीत ठेवून गेले.

सव्वीस तारखेले मी शर्यतीसंग चालणाऱ्या ट्रकवर बसून वर गेलो, खेमसिंगले पाहायले. चढ सुरू झाला तवा भाऊजी सातवे होते. बाकीचे सीटवरून उठून पायडल मारत, मान वर करून माथा पाहत. हे बसूनच. नजर पुढच्या चाकावर. तुहं पत्र माह्या खिशात होतं, तरी मले ते तवाच समजलं. सपाटीवर बाकीचे एकमेकांच्या आड लपून वारा चुकवत होते, चढावर आड लपायले जागाच नव्हती. तिसऱ्या वळणावर खेमसिंग उतरला, अन् भाऊजी त्याच्या बाजूनं निघून गेले, बाजारातून घरी चालले तसे.

माइकवर विचारलं, रामटेके के घर का कोई है? बाई, मी पहिल्याच रांगेत होतो. हार घेतलेला माणूस माह्यापासून चार पावलांवर. बाजूले बाबुलाल, मागं सगळी मेस. पुढं गेलो असतो तर मी खोटा पडत होतो. मी पायातल्या जोड्याकडे पाहिलं. भाऊजी गमछ्यानं तोंड पुसत होते, त्यांनी मले पाहिलं. माइकवाल्यानं परत विचारलं. तवा ते म्हणाले, नहीं साहब, घर गांव में है, यहां अपना कोई नहीं. मी मेसमध्ये जे बोललो होतो, ते त्यांनी माइकवर खरं करून दिलं. मग हार एका साहेबानं घातला.

अन् तुले त्यांनी लिहिलं का मी घातला. ते दोनदा खोटं बोलले, दोन्ही वेळा माह्यासाठी. तुहं पत्र वाचलं तवा मले जेवण गेलं नाही. बरणी अजून खिडकीत आहे, मी उघडली नाही.

काल मी पाटीवर भाजीच्या खाली लिहिलं. चढावर पहिले आलेले कवडू रामटेके माझे भाऊजी आहेत. मी त्यांना ओळख दिली नाही. बाबुलालनं ते वाचलं अन् ताट घेऊन दुसऱ्या बाकावर बसला. तो हसला असता तर बरं होतं.

संध्याकाळी मरोद्याले गेलो. भाऊजी खोलीच्या भिंतीले चुना मारून राहिले होते. मी दारातच थांबलो. त्यांनी दुसरा कुंचा माह्या हातात दिला अन् म्हणाले, खालून मार, वरचं मी घेतो. अंधार होईपर्यंत आम्ही भिंत रंगवली. निघताना मी म्हटलं, भाऊजी, त्या दिवशी. ते म्हणाले, तुह्या बहिणीले चुन्याचा वास चालत नाही, दोन दिवस दार उघडं ठेवावं लागेल.

मी त्या खोलीत राहायले यावं का नाही, ते तू सांग. त्यांले विचारलं तर ते हो म्हणतील, म्हणून त्यांले विचारत नाही.

एकवीसले मी दुर्गले येतो. भाऊजींची सायकल घेऊन येतो, पेटी कॅरियरवर बांधू. बाबुलालले पण चल म्हटलं, तो पाहू म्हणाला. मेसमधले अजून चारपाच जण त्या वेळी ठेसनावर कारखान्याचं सामान उतरवायले असतात. गाडीतून उतरल्यावर तुले मले शिव्या द्यायच्या असतील तर घरी पोचेपर्यंत थांबू नको. तिथंच दे, मोठ्यानं दे, माह्या नावानं दे. त्या सगळ्याइले ऐकू जाऊ दे, मी कोणाचा आहे ते.

आईले काय सांगायचं ते तुह्यावर. लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून इथंच थांबतो.

तुहा
लहानू