एकविसावा दिवस

१ ऑक्टो. १९८२
खुडूक कोंबडी बसवली. खाली अकरा अंडी. आई सायखेड्याहून कोंबड्या घेऊन आली तेव्हाच बजावून गेली होती, अंडी जोडीनं ठेवू नको, विषमच हवीत. छायाने टोपलीत भुसा स्वतः पसरला. पंधरा वर्षांची पोर, एकाही शाळेने ठेवून घेतली नाही. म्हटलं, घरातच दोघी मिळून अंडी-पिल्लं विकू. हे म्हणाले, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर संस्थेत ठेवू. फॉर्म आणून कपाटात ठेवलाय. माझ्याच साड्यांखाली.

५ ऑक्टो.
मोठे डॉक्टर. पाच मिनिटं. म्हणे मतिमंद, आणि आईचं लक्ष कमी पडलं. ह्यांनी मान डोलावली. पंधरा वर्षं हिला न्हाऊ-माखू कोण घालतंय, डॉक्टर? रिक्षाने परत. छा. द्वारका चौकापर्यंत ट्रकचे नंबर म्हणत होती.

११ ऑक्टो.
समोरच्या काकू मागच्या दाराने अंडी नेतात, डबा पदराखाली. आमच्या घरचं पाणी चालत नाही, अंडी चालतात. आज म्हणाल्या, तुमच्या वेडीचा हात नको लागायला. छा. एकेक अंडं फडक्याने पुसते, त्यांचे देव तरी एवढे पुसत असतील का? डबा रिकामाच परत दिला.
छा. रोज कॅलेंडरवर फुली मारते. सांगितलंय तिला, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर.

२२ ऑक्टो.
काय लिहू. सकाळी मी नळावर. आले तर कोंबडी बाजूला, पाच अंडी फोडलेली. पिल्लं ओली, मान टाकलेली. छा. "एकवीस, एकवीस" करत सहाव्याला हात घालत होती. मारलं मी तिला. दोन थोबाडीत. त्यानं रडली नाही, पिल्लू उठेना म्हणून रडली. हे शांतपणे म्हणाले, "झालं तुझं?" आणि कामावर, ओझरच्या बसला निघून गेले. त्या शांतपणाचीच चीड येते.

२४ ऑक्टो.
उरलेल्या सहातली चार काल निघाली. आई आली होती, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पोरीला समदं कळतं. तुला नीट सांगता येत नाय."
एकवीस कोण म्हणालं होतं? मीच. दिवस भरला, तिने दार उघडलं. चूक माझी, थोबाडीत तिच्या. स्वतःचाच राग राग येतोय.

१ नोव्हें.
दुसरी कोंबडी बसवली. नऊ अंडी. आकडा सांगितला नाही. एवढंच सांगितलं, अंडं पिल्लूच फोडणार, आतून. आपण हात लावायचा नाही. दिवसातून दहादा तेच. छा.ने आपणहून कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं.

१८ नोव्हें.
दिवाळी झाली. ह्यांनी फॉर्म भरला. वडिलांची सही आहे, आईची जागा मोकळी. सोमवारी न्यायचं म्हणे. मी म्हटलं, सोमवारी पिल्लं निघायचीत. "तुला अजून कोंबड्यांचंच पडलंय?" हो, पडलंय. भांडी आपटली सगळी.

२२ नोव्हें., सोमवार
छा. सकाळपासून खुराड्यापुढे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलीये. हे मी शिकवलेलं नाही. चहा बशीतून मीच पाजला. एका अंड्याला तडा गेलाय, चोच दिसते. ती पुढे वाकतेय, पण हात काढत नाही.
ह्यांना म्हटलं, या, बघा. आले. उभे राहून बघितलं बराच वेळ.  बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, तिची पेटी दारात.
आता माझ्या सहीसाठी पेन मागतायत. घरात एकच आहे. मी लिहितेय अजून.