किचनच्या पैशांची होमलँड सिक्युरिटी

४ फेब्रुवारी
ठरलं! होमलँड सिक्युरिटीत मास्टर्स. अमेरिकन युनिव्हर्सिटी, पूर्ण ऑनलाइन. गाड्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट करता करता बारा वर्षं झाली आणि आता जर्मन बॉस ‘आल्झो, म्हणजे तर मग, परिस्थिती अवघड आहे’ म्हणून खिडकीबाहेर बघतो. कुणाकुणाला नारळ मिळणार ते एप्रिलमध्ये कळेल. गाड्या खपतील न खपतील, दहशतवाद कुठे जात नाही. ह्याला म्हणतात दूरदृष्टी.

५ फेब्रुवारी
एक्सेल केलं. खर्च एकवीस हजार डॉलर. फायदा : डायरेक्टरचा पगार, वर्षाला दीड लाख. आकडा युनिव्हर्सिटीच्याच वेबसाइटवरचा, म्हणजे खात्रीचा. दोन महिन्यांत पैसे वसूल. स्नेहलताला दाखवलं. तिने विचारलं, ह्यात आपलं किचन कुठंय? बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

किचनचं असं, की इथे जर्मनीत भाड्याचं घर किचनशिवाय मिळतं. ब्योब्लिंगेनच्या ह्या घरात ऑक्टोबरपासून भिंतीतून नुसता नळाचा पाइप बाहेर आलाय. स्वयंपाक हॉलमध्ये दोन इलेक्ट्रिक शेगड्यांवर, भांडी बाथटबमध्ये. नव्या किचनच्या ॲडव्हान्सचे चार हजार युरो बाजूला ठेवलेत. मेमध्ये सासूबाई येणार, त्याआधी किचन हवंच, स्नेहलता म्हणते. रास्त आहे. झालंच समजा.

९ फेब्रुवारी
पहिल्या टर्मची फी भरली. चार हजार. हो, तेच. पण घाबरायचं काय? जर्मनीत ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते. मी आजवर तीन जॅकेटं आणि एक एअर फ्रायर परत केलाय. डिग्रीचंही तसंच. आवडली तर ठेवायची. स्नेहलताला बोललो नाही. ह्या क्षेत्रात गुप्तता पाळावी लागते.

१२ फेब्रुवारी
पहिलं लेक्चर. विषय : धोका वेळीच ओळखणे. मध्येच डोळा लागला.

१४ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल. टॉर्च घेऊन बिल्डिंगच्या तळघराची पाहणी. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबेर्ले आल्या, काय करताय म्हणाल्या. म्हटलं, सिक्युरिटी. त्या म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे बरोबर, आणि ह्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची आहे. झाडला.

१७ फेब्रुवारी
लंचला समर्थला बातमी दिली. शेजारच्या टेबलवर बसतो, नाशिकचा, हुशार समजतो स्वतःला. म्हणाला, अरे, तिथल्या सरकारी नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं. जळतो दुसरं काय!

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
लागतं. बरं, ठीक. जर्मनीत बघू.

१८ फेब्रुवारी
इथल्या ज्या ज्या जागा बघितल्या, त्यांना जर्मन पासपोर्ट हवा. भारतात वय उलटून गेलं. एकूण तीन देशांची सुरक्षा माझ्यावाचून चालू आहे. त्यांचं नुकसान.

१९ फेब्रुवारी
डिग्री परत करतोय असा मेल पाठवला. चौदा दिवसांच्या आत, कायद्याचं कलम टाकून.

२० फेब्रुवारी
उत्तर आलं. कायदा तुमच्या जर्मनीचा, युनिव्हर्सिटी आमच्या अमेरिकेतली. फी परत मिळते, पण पहिलं लेक्चर उघडायच्या आधी. मी कळवलं की लेक्चरमध्ये मी झोपलो होतो.

२३ फेब्रुवारी
किचनवाल्यांचा फोन नेमका स्नेहलताने घेतला. ॲडव्हान्स आला नाही, म्हणून त्यांनी ऑर्डर रद्द केली. सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाथरूममध्ये गेली आणि टबाशी गुडघ्यांवर बसून कुकर घासत राहिली. मी दारात उभा. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मी घासतो म्हटलं, तर म्हणाली, तू अभ्यास कर.

१० मार्च
स्नेहलता रोज सकाळी बाहेर. कुठे विचारलं तर म्हणाली, कोर्सला. बरंय, मन रमेल तिचं.

२ एप्रिल
नारळ मिळाला. बॉस या वेळी माझ्याकडे बघून बोलला. आता अभ्यासाला भरपूर वेळ. हे शाप नव्हे, वरदान.

२२ एप्रिल
स्नेहलताला नोकरी लागली. स्टुटगार्टच्या विमानतळावर, प्रवाशांचं सामान तपासायची. कोर्सची फी एक सेंट नाही, उलट कोर्स चालू असतानाच पगार. पोलिसांची चौकशीही पार पडली. भारतीय पासपोर्टवर! अभिनंदन केलं. क्षेत्र मीच सुचवलं होतं, हे तिला आठवत नसावं.

१६ मे
किचन बसलं. पांढरं, ओव्हनसकट. हप्ते तिच्या पगारातून. सासूबाई आज आल्या, ओट्यावरून हात फिरवून लेकीची अलाबला घेतली. मग माझ्याकडे वळून, यशोधनराव, तुम्ही हल्ली काय करता? म्हटलं, शिकतोय. त्या ‘असू दे’ म्हणाल्या.

२० मे
स्नेहलताची पहाटेची शिफ्ट. दुपारी येऊन म्हणाली, आमच्याकडे माणसं हवीत, तुझं नाव देऊ? डिग्री लागत नाही. छाती फुगली. कधीपासून, विचारलं. लगेच, म्हणाली, फक्त परीक्षा जर्मनमध्ये आहे.

जर्मनच्या बी-वन परीक्षेत मी दोनदा नापास. तिने त्याच्या वरची बी-टूसुद्धा केव्हाच केलीय, तिच्या जर्मन क्लासला मी हसायचो तेव्हा.

विचार करतो म्हटलं. सासूबाईंनी कणीक मळायला सांगितली. मळली. सैल झाली.