चुनखडीच्या रानातली रांग

अण्णा, तुमच्या नातीनं तुमच्या आजाराचं नाव शोधून काढलं. ती लातूरला डॉक्टरकी शिकते आणि सुट्टीत घरी आली की आम्हाला एकेक आजार वाटून देते. मला रक्तदाब दिला, तिच्या बापाला साखर दिली. परवा जेवताना तुमचा विषय निघाला, तर तुम्हालाही एक मिळाला. लांबलचक इंग्रजी नाव आहे, लढाईतून परतलेल्या माणसांना होतो म्हणे. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर का होईना, तुमचं काम झालं. तुमच्या हयातीत मात्र गावात ज्याच्या त्याच्याकडं वेगळं नाव होतं. भगत म्हणायचा, सरहद्दीवरचं वारं लागलंय, कोंबडं लागेल. कंपाउंडर म्हणायचा अशक्तपणा, आणि टॉनिकची बाटली पुढं करायचा. पारावरचे लोक सरळ म्हणायचे, फौजीचा स्क्रू ढिला हाय. निदान ते फुकटात सांगायचे.

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग पेरलेल्या रानातून तुमची तुकडी पलीकडं गेली, पण निघाली तेवढी पोचली नाही. एवढंच आम्हाला माहीत, तेही तुमच्या पलटणीतला एक जण मुक्कामाला आला तेव्हा आईपाशी बोलून गेला म्हणून. तुम्ही कधी काही सांगितलं नाही. तुम्ही फक्त काठी घेऊन आमच्या पुढं चालायचात. येरमाळ्याच्या अलीकडचं आपलं ते कोरडवाहू रान, त्यात ज्वारीशिवाय कुणी कधी काही पेरलेलं नाही. पण पेरणी असो की खुरपणी, आधी तुम्ही काठीनं माती टोचत जाणार, मागं तुमच्या पावलावर पाऊल टाकत भाकरीचं गठुडं घेतलेली आई, आणि तिच्या मागं मी. खुरपायला येणाऱ्या बायकासुद्धा शिकल्या होत्या. तोंडाला पदर लावून बांधावरून विचारायच्या, "फौजी, रान मोकळं हाय का आज?" तुम्ही म्हणायचात, "थांबा, बघून सांगतो." त्या थांबायच्या. बसायची मजुरी मिळत असेल तर कोण थांबणार नाही? एकदा मला बोरं दिसली आणि मी ओळ सोडून पळाले. तुम्ही असे ओरडलात की बोरीवरची पाखरं उडाली. मग माती टोचत टोचत माझ्यापर्यंत आलात, मला उचललंत आणि आपल्याच पावलांवरून परत निघालात. मी रडायचं विसरून तुमच्या छातीतली धडधड ऐकत राहिले. घरात आईनं कुकर वापरला नाही. माहेरहून आलेल्या नव्याकोऱ्या कुकरात शेंगदाणे असायचे, कारण त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा तुम्ही आम्हा दोघींना चुलीपुढं आडवं पाडलं होतं. वरण जरा कच्चं राहायचं, पण माणसं शाबूत राहायची.

हे सगळं आम्हाला अंगवळणी पडलं होतं, पाहुण्यांना थोडंच पडणार? मला बघायला दोन ठिकाणचे लोक येऊन, पोहे खाऊन, तुम्हाला बघून "कळवतो" म्हणून गेले. तिसरं स्थळ माकणीकडचं होतं, पोरगा शाळेत मास्तर आणि शेत धरणाच्या पाण्यावर भिजणारं. मामानं आईला बजावलं, "आक्का, ह्ये स्थळ गेलं तर पोरगी घरातच ऱ्हाती बघ." त्या लोकांनी निरोप धाडला होता की चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या जत्रेला येतोच आहोत, दुसऱ्या दिवशी मुलगी तिथंच बघू. मामाला आधी आनंद झाला, पोहे वाचले. मग ध्यानात आलं की त्याच दिवशी येडेश्वरीची पालखी आमराईकडं निघते, तेव्हा वाटेतल्या रानात उतरून सगळी जत्रा चुनखडीचे पांढरे खडे वेचून देवीच्या नावानं एका ढिगावर टाकते. म्हणजे रान आलं. रान आलं म्हणजे तुम्ही आलात.

"दाजींना घरी ठिव," मामा म्हणाला. आई म्हणाली, "आन् देवीला काय सांगू? तुझा भक्त कुलपात हाय म्हणून?" तुम्ही निघालात, इस्त्रीचा सदरा घालून. मामा वाटभर घोकून घेत होता, "दाजी, आज बोलायचं न्हाय." तुम्ही दर वेळी म्हणत होतात, "जी."

आणि तुम्ही बोलला नाहीत, हे कबूल करायला पाहिजे. लिंबाखाली पाहुणे बसले, मुलाच्या आईनं मला स्वयंपाकापासून शिवणापर्यंत सगळं विचारलं, मी खाली मान घालून निम्म्या थापा मारल्या. मामाच्या चेहऱ्यावर रंग चढायला लागला. तेवढ्यात हलग्या वाजल्या, पालखी आली, माणसं रानात घुसली. मास्तरही उठले आणि पहिला खडा आपलाच म्हणून तरातरा निघाले.

"थम!"

अण्णा, तुमचा तो आवाज मी नंतर कुठल्या सभेत ऐकला नाही, आणि बातमीदार असल्यानं सभा मी पोटासाठी ऐकते. हलगीवाला थांबला. मास्तर एक पाय वर धरून उभे. "पाय खाली टाकायचा न्हाय!" म्हणत तुम्ही त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसलात आणि त्यांच्या चपलेभोवतालची माती बोटांनी बाजूला करायला लागलात. मुलाच्या आईनं विचारलं, "ह्ये काय चाललंय वो?" मामाच्या तोंडून निघालं, "काय न्हाय ताई, आमच्यात रीत हाय. जावयाच्या पायाखालची माती काढायची." बाई म्हणाली, "जावई कवा झाला?"

मी मनात म्हटलं, झालं, आता हेही कळवणार.

मास्तरांनी आपल्या आईकडं पाहिलं नाही, मामाकडं पाहिलं नाही. पाय तसाच वर धरून, तोल सावरत, त्यांनी तुम्हाला विचारलं, "पाय कुठं टाकू?" कुणी हसून विचारतं, कुणी हात जोडून विचारतं. त्यांनी एखाद्याला गावची वाट विचारावी तसं विचारलं. तुम्ही काठीनं जागा दाखवलीत. त्यांनी तिथं पाय टाकला.

मग तुम्ही पुढं, मास्तर मागं, त्यांच्या मागं आई, मी, मामा, आणि शेवटी लुगड्याचा सोगा धरून मुलाची आई. "म्या काय फौजंत हाय व्हय?" असं बडबडत, पण पाऊल मात्र बरोबर पावलावर. तुम्ही खडा तपासून द्यायचात, आम्ही ओटीत टाकायचो. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं तर आपल्या मागं अनोळखी माणसं लागली होती. जत्रेत रांग दिसली की आपला माणूस विचारत नाही, उभा राहतो. "कशाची रांग हाय?" एकानं विचारलं. "दर्शनाची," मामानं ठोकून दिलं. ते ऐकून आणखी लांबली. बाया, म्हातारी, कडेवरची लेकरं, सगळे तुमच्या पावलांवरून ते रान ओलांडत होते.

पलीकडच्या बांधावर चढून तुम्ही वळलात. एकेकाला हात देऊन वर घेतलंत. शेवटचा माणूस वर आला तरी तुम्ही खालीच बघत होतात. "समदे आले?" तुम्ही विचारलंत. मास्तर म्हणाले, "आले. मागं कुणीच ऱ्हायलं न्हाय." तुम्ही बांधावर बसलात, काठी बाजूला ठेवलीत आणि हसलात. तुमचे खालचे दात एवढे वाकडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मुलाच्या आईनं खडे ढिगावर टाकले, हात झटकले आणि मामाला सांगितलं, "पोरगी बरी हाय. लग्नात फटाके मात्र नगंत, इवायाला सोसायचे न्हाईत." मामा रडला. बाईनं त्याला पाणी दिलं.

तुमचा जावई अजून तसाच आहे. नातीनं आजाराचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "असंल." आणि परत जेवायला लागला. मी त्याला आजवर सांगत आले की तुझी नोकरी आणि ओलिताचं शेत बघून मी होकार दिला. खरं म्हणजे अण्णा, लिंबाखाली मी त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. तो एका पायावर डुलत होता, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मनात होकार देऊन मोकळी झाले. हे त्याला कळलं तर तो चढून बसेल, म्हणून हा कागद मी कपाटातही ठेवणार नाही. स्वयंपाक त्याच्याकडं असतो, म्हणून चुलीत घालायचीही सोय नाही. बघते कुठं टाकायचा ते.