कॅनमधली नळी

प्रिय दादा,

हे पत्र मी लई दिवस टाळलं. तू फोनवर मला ब्लॉक केलंस तेव्हाच लिहायला पाहिजे होतं, पण पेन धरलं की नुसत्या शिव्या सुचायच्या. आजही त्याच सुचून राहिल्यात.

मधे किल्लारीला एका मंगल कार्यालयात एसी बसवायला गेलो होतो, तिथून मुखेडला. मुखेडच्या बाजारात एक म्हातारा कोंबडे विकत होता. त्यातला एक कुणाचं ऐकायचा नाही, नुसता मान वर करून फिरायचा. म्हातारा त्याला 'साहेब' म्हणायचा. मला तुझी आठवण आली. जाऊ दे, मुद्द्यावर येतो.

आईच्या खोलीतला एसी मी बसवला आणि त्याच दिवसापासून भिंत ओली, असं तू लातूरभर सांगतोस. खोटं आहे. पहिला महिनाभर एक थेंब आत पडला नाही. मग ठिपकायला लागलं. तू बोलावलंस, मी नांदेडहून आलो. जाळी धुतली, मशीनची पातळी बघितली, एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला उतार वाढवला. पाणी ओतून बघितलं तर धो धो बाहेर. मी गेल्यावर पुन्हा भिंत ओली. दुसऱ्यांदा आलो, नळीच बदलली. पुन्हा तेच. मला कळेना, आणि कळत नाही असं मी सांगितलंसुद्धा. तर तू शेजाऱ्यांसमोर म्हणालास, "याने आधी शाळा सोडली, आता कामं अर्धवट सोडतो." सगळे हसले. मीपण हसलो, त्याचा राग अजून जात नाही.

पाण्याचं कोडं राजश्रीवहिनींनी सोडवलं. त्यांचा फोन आला, "भाऊजी, बाहेरचा कॅन भरला की आत ठिपकतंय. रिकामा असला की नाही." तेव्हा डोक्यात उजेड पडला. एसीचं पाणी साठवायला तो कॅन तू महिन्याभरानं ठेवला होतास, आणि मी यायचो तेव्हा नळी कॅनमधून काढून तपासायचो. माझी पाठ वळली की तू ती परत तळापर्यंत खुपसायचास, वर डास होऊ नयेत म्हणून कॅनच्या तोंडाला चिंधी. कॅन भरला की नळीचं तोंड बुडतं, आत हवा अडकते, पाणी उतरत नाही. मग ते मागं साठतं आणि आईच्या उशाशी भिंतीत मुरतं.

पाणी साठव की! लातूरच्या माणसाला थेंब सोडवत नाही, मलापण नाही. नळी पाण्याच्या वर राहू दे, कॅन वेळेवर रिकामा कर, एवढंच. पण पाणी वाचवतोस म्हणून त्या कॅनसाठी सोसायटीनं तुला शाल-श्रीफळ दिलं, मिहिररावांचा आदर्श घ्या म्हणून भाषणं झाली. आता चूक आपली म्हणायची कशी? वहिनींनी सांगून बघितलं, तर "दिराची वकिली करू नको" म्हणून त्यांनाच गप्प केलंस.

काल आईनं शेजारच्या नीलाबाईंच्या फोनवरून मला लावला. खोकल्यानं तिचं एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. भिंतीला काळी बुरशी आलीय, डॉक्टरनं त्या खोलीत झोपू नका म्हणलं, आणि तू म्हणालास, "ज्यानं बिघडवलं तो नीट करेल, तोवर काढा कळ." मग आई हळूच म्हणाली, "बाळा, मुद्दाम केलंस का रे?" दादा, भिंत परत रंगवता येते. आईच्या मनात हे तू घातलंस. म्हणून लिहायला बसलो. रविवारी येतोय, आईला इकडं नांदेडला आणायला. दारात आडवा येऊ नकोस, मी हात जोडायला येत नाही.

थांब, खाली ऑटो उभा राहिला.

आई आहे. सोबत वहिनी, एका हातात आईचं वाफेचं मशीन, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. खालूनच ओरडतायत, "भाऊजी, खुर्ची आणा खाली! आईंना जिना चढवत नाही." तुला विचारून निघाल्यात असं काही दोघींच्या तोंडावर दिसत नाही. खुर्ची घेऊन जातो.

तुझाच, बदलता येत नाही म्हणून,
अनय