पहिल्या रिळाशिवाय

११ जानेवारी १९७६

आज थेटरात कमाल झाली, आणि ती झाली एका गाढवपणातून. प्रिंट येवल्याहून एसटीनं आली. केबिनमध्ये पेट्या उघडतो तर पहिलं रीळ नाही! तिथल्या ऑपरेटरनं गुंडाळायला काढलं आणि तिथंच विसरला. खाली हॉल गच्च भरलेला, शिट्ट्या सुरू. शेठ वर धावत आले. "जयराम, दुसऱ्यापासून लाव. दहा मिनिटांनी कुणाचं काय अडतंय?"

पिक्चर जुना, खुनाचा, एकेकाळी फार गाजलेला. पहिल्या रिळात वीस वर्षांपूर्वीची हकिकत आहे. गिरणीमालक भागीदाराला फसवतो, भागीदाराचं घर पेटतं, त्याचं पोर मनगट भाजून एकटंच बाहेर पळतं. मग नावांच्या पाट्या, मग बंगला, मग एकामागून एक खून. ज्यानं पहिलं रीळ पाहिलं तो बंगल्यातल्या सगळ्यांची मनगटंच बघत बसतो. मध्यंतराला चहा पितापिता सांगून टाकतो, डॉक्टरच आहे म्हणून – भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालतो ना!

आज कुणालाच काही माहीत नव्हतं. डॉक्टरनं शेवटी बाही वर केली तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. बावीस वर्षं मशीन चालवतोय, असं पाहिलं नव्हतं. माझी लेक विशाखा माझ्याशेजारी झरोक्यातून बघत होती. एवढी बारा वर्षांची घोडी झाली तरी माझा सदरा घट्ट धरून होती.

१३ जानेवारी

पहिलं रीळ आलं. शेठ म्हणाले, राहू दे पेटीतच. माझंही तेच मत. मागचं सगळं आधीच सांगून चांगल्या रहस्याची माती कशाला करायची?

२० मे १९७९

तोच पिक्चर पुन्हा मॅटिनीला. विशाखा कालच येवल्याहून आली. माझी धाकटी बहीण चांगुणा तिथं असते, पैठणीच्या मागांसाठी रेशमाच्या कांड्या भरते. पोरगी हल्ली सुट्टी लागली की एकटीच एसटीत बसते आणि आत्याकडे जाते.

आल्यापासून एकच धोशा, "बाबा, ते पहिलं रीळ मला बघायचंय." सकाळी हॉल रिकामा होता, मशीन तपासायचंच होतं, म्हणून लावलं. एकटी मधल्या रांगेत बसून बघत होती. मग मॅटिनीलाही बसली. मला वाटलं, हिची आता मजा गेली.

तर बाहेर येऊन म्हणते, "मागच्या वेळी मी दचकले होते नुसती. आज रडले."

"कशाला? तुला तर आधीच ठाऊक होतं डॉक्टर कोण ते."

"म्हणूनच. तो बंगल्यातल्या लहान पोराला औषध पाजतो ना, तेव्हा किती जपून पाजतो. मागच्या वेळी माझं लक्षच नव्हतं."

मी म्हटलं, रहस्यपट हा रडायला नसतो. ती म्हणाली, "आधी कळलं म्हणून पिक्चर बिघडत नाही बाबा. लपवणाऱ्यालाच तसं वाटतं." मी चिडलो. म्हटलं, बाईसाहेब, बावीस वर्षं मशीन कोण चालवतंय, तू का मी? – बावीस नाही, पंचवीस. रागात हिशेबही चुकला.

२१ मे

काल एवढं चिडायचं कारण नव्हतं. कारण होतं, पण ते वहीलाच सांगता येतं.

विशाखा चांगुणाची आहे. आठ महिन्यांची होती तेव्हा चांगुणाचा नवरा तिला टाकून गेला, वर चांगुणाला कावीळ झाली. उठून बसवत नव्हतं. मी म्हणालो, दोन महिने पोर आमच्याकडे राहू दे, बरी झालीस की ने. आम्हाला मूल नव्हतं. बायकोनं, मालननं, पोरीला मांडीवर घेतलं ते घेतलंच.

चांगुणा बरी झाली. न्यायला आली. मी बहिणीला दारात चहा पाजला आणि म्हणालो, तू एकटी, कमावणार कधी आणि पोर सांभाळणार कधी? शहाण्यासारखं बोललो! तिनं पोरीचं एक झबलं मागून घेतलं आणि गेली. तेव्हापासून ती आत्या.

मालन म्हणते, "तिला कळलं तर मला आई म्हणंल का ती?" मी मालनच्या भीतीमागं लपतो. खरी भीती माझी आहे. पोरीला कळेल की बापानं बहिणीची पोर परत दिली नाही.

१३ फेब्रुवारी १९८३

येवल्याला जाऊन आलो. चांगुणाची छाती भरलेली, दोन वाक्यांत धाप लागते. तरी मागाच्या आवाजाकडे कान. निघताना माझा हात धरला.

"दादा, लय वर्षं झाली. सांग तिला."

"सांगतो. परीक्षा होऊ दे."

"मी बी सांगू शकले असते. पर तुझ्या तोंडून कळू दे. तुझीच पोर हाय ती, मला परत नाय पायजे. फक्त सांगितलं म्हणून एक कार्ड टाक मला."

हो म्हणालो. बसस्टँडवर दोन पोस्टकार्डं घेतली, एक खराब झालं तर दुसरं असावं म्हणून.

२ एप्रिल

विशाखाची परीक्षा संपली. सांगितलं नाही.

१० एप्रिल

आज जेवताना सुरुवात केली होती. "विशाखा, एक गोष्ट –" एवढं बोललो. तिनं घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे. तिनं मीठ आणून दिलं.

१९ एप्रिल

तार आली. चांगुणा गेली.

२१ एप्रिल

येवल्याहून परत. विशाखा चांगुणाच्या उशाशी रडत बसली ती हललीच नाही. बुद्धवंदना झाली, लोक उठले, तरी बसून. शेजारच्या कुसाबाईनं ट्रंक उघडून दिली. तळाशी ते झबलं होतं. विशाखानं ते न विचारता उचललं आणि पिशवीत ठेवलं. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. आत्यासाठी पोरी एवढ्या रडतात का? मनात आलं, रक्त ओळखत असेल.

दोन्ही कार्डं कोरी आहेत. खिशात घामानं मऊ झालीत. मी वाईट भाऊ आहे. याच्यापुढं लिहायला काही नाही.

३ जुलै

पिक्चर तिसऱ्यांदा आला, रविवारची मॅटिनी. शेठला न विचारता आज पहिलं रीळ लावलं. विशाखाला मुद्दाम बोलावून वर केबिनमध्ये बसवलं.

मध्यंतराला शेठ तावातावानं वर आले. "जयराम, सगळी मजा घालवलीस! लोक डॉक्टरचं नाव घेत हिंडतायत बाहेर." मी म्हणालो, हिंडू दे. मध्यंतरानंतर झरोक्यातून हॉल बघत होतो. कुणी उठून गेलं नाही. डॉक्टरनं पोराला औषध पाजलं तेव्हा माणसं पुढं सरकून बसली. मी इतक्या वेळा हा पिक्चर चालवला, तो आधी पोराच्या मानेखाली हात घालतो हे आज पाहिलं.

उद्या सांगणार. मालनलाही सांगितलंय, समोर बस. ती हो म्हणाली.

४ जुलै

सांगितलं. कावीळ, दोन महिने, दारातला चहा, सगळं. विशाखानं मध्ये एकदाही अडवलं नाही. बोलून झाल्यावर उठली, मालनच्या शेजारी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. मग मला म्हणाली –

"मी नववीत असतानाच येवल्याला सांगितलं होतं तिनं. म्हणाली, दादा सांगंल तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेस असं दाखव, त्याला हलकं वाटंल."

मी विचारलं, मग दाखवलं का नाहीस?

"ती असती तर दाखवलं असतं. मग येवल्याला जाऊन तिला सांगायचं होतं मला – 'आई, सांगितलं गं बाबांनी.'"